रुग्णालयाची नाडी कोण पाहणार?



घरातले कोणी रुग्णालयात असताना तुम्ही त्यांना भेटायला गेला असाल. खाटेपाशी एक तक्ता ठेवलेला असतो. त्यावर ताप, नाडी, रक्तदाब यांच्या नोंदी असतात. डॉक्टर येतात, तक्ता पाहतात आणि मग रोग्याला विचारतात, "कुठे दुखतंय? झोप लागली का?" या दोन्ही गोष्टी ते का करतात? ताप मोजायला तापमापक आहे, पण दुखणे मोजणारे यंत्र नाही. ते ज्याला होते त्यानेच सांगावे लागते. तक्ता आणि तोंडची हकीकत अशा दोहोंच्या मेळातून रोगाचे निदान होते.

आता थोडा वेगळा प्रश्न विचारू. खुद्द रुग्णालयच आजारी पडले तर? तेथे औषधे वेळेवर मिळत नसतील, हाक मारली तरी कोणी येत नसेल, म्हाताऱ्या माणसाला पाणी द्यायला कोणी नसेल, तर ते दुखणे कोण सांगणार, कोणाला सांगणार, आणि ऐकणाऱ्याने ते ऐकलेच पाहिजे असे बंधन कोठून येणार?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक मोठा प्रयोग ब्रिटनमध्ये गेली पन्नास वर्षे चालू आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. सर्वांना उपचार, आणि तो घेताना खिशात हात घालावा लागू नये, हे तिचे तत्त्व. एवढ्या मोठ्या यंत्रणेत रुग्णाचा आवाज पोहोचवण्यासाठी तेथे स्वतंत्र मंडळे निघाली, मोडली, पुन्हा निघाली. या प्रयोगाच्या यशातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. अपयशातून त्याहून अधिक.

शांत झालेले मूल

सुरुवात मंडळांच्याही आधीच्या एका गोष्टीने करू. १९५० च्या सुमारास इंग्लंडमधील पुष्कळ रुग्णालयांत लहान मुलांना भेटण्यावर कडक निर्बंध असत. कोठे आठवड्यातून एकदोनदा, कोठे रोज थोडा वेळ, एवढीच आईबापांना परवानगी मिळे. यामागे डॉक्टर आणि परिचारिका यांचे एक निरीक्षण होते. आई भेटून निघाली की मूल आकांत करते. भेटी बंद ठेवल्या तर ते पहिले काही दिवस रडते आणि मग शांत होते, 'रुळते'. मग भेटी कमी ठेवणेच मुलाच्या हिताचे, नाही का?

निरीक्षण खरे होते. चूक होती ती त्याचा अर्थ लावण्यात. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधील जेम्स रॉबर्टसन हे समाजकार्यकर्ते मुलांच्या वॉर्डात तासन्‌तास बसून नोंदी करीत. त्यांना तीन अवस्था दिसल्या. प्रथम मूल रडून-ओरडून निषेध करते. मग ते निराश होऊन गप्प होते. शेवटी ते अलिप्त होते. आई आली तरी तोंड फिरवते. म्हणजे ज्याला रुग्णालय 'रुळणे' म्हणत होते, ती मुलाने आशा सोडल्याची खूण होती!

हे पटवायचे कसे? रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये एक चित्रपट तयार केला. आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या अडीच वर्षांच्या एका मुलीचा तो चित्रपट होता. 'तुम्ही मुद्दाम रडके मूल निवडले, मुद्दाम रडण्याचे क्षण टिपले' असा आक्षेप येणार हे त्यांना ठाऊक होते. म्हणून मूल त्यांनी प्रतीक्षायादीतून कोणतीही आवडनिवड न करता घेतले आणि रोजचे चित्रण ठरलेल्या वेळी केले. भिंतीवरचे घड्याळ चित्रात दिसे, तेच या नियमाचे साक्षीदार. विज्ञानात आपण याला नमुना निवडण्यातील पूर्वग्रह टाळणे म्हणतो. तरीही चित्रपट प्रथम दाखवला गेला तेव्हा पुष्कळ डॉक्टर संतापले. पुढे १९५९ मध्ये सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने मुलांना भेटण्यावरचे निर्बंध काढावेत अशी शिफारस केली. पण शिफारस कागदावर राहते आहे असे दिसताच १९६१ मध्ये लंडनच्या बॅटर्सी भागातील काही आयांनी संघटना काढली आणि शिफारशीची अंमलबजावणी व्हावी म्हणून रुग्णालयांचा पाठपुरावा सुरू केला.

या गोष्टीतून काय लक्षात ठेवायचे? परिचारिका वाईट नव्हत्या आणि आया काही शरीरविज्ञान शिकलेल्या नव्हत्या. फरक होता तो जागेचा. रुग्णालय त्या मुलाला आठ दिवस पाहत होते. आई त्याला आधीपासून ओळखत होती आणि घरी परतल्यावर त्याचे काय झाले हेही तिलाच दिसत होते. तिच्याजवळ जी माहिती होती ती रुग्णालयाच्या कोणत्याच तक्त्यात नव्हती.

सरासरीच्या आड काय लपते?

तुम्ही म्हणाल, मुलांचे ठीक. पण रुग्णालयाचे काम आकड्यांत मोजता येतेच की! येते, आणि मोजलेही पाहिजे. पण एक उदाहरण सोडवून पाहा.

समजा, एका रुग्णालयाच्या अपघात विभागात एका दिवशी १०० रुग्ण आले. त्यांतील ९५ जणांना प्रत्येकी १ तास थांबावे लागले आणि ५ जणांना प्रत्येकी १३ तास. सरासरी किती?

(९५ × १) + (५ × १३) = ९५ + ६५ = १६० तास; १६० ÷ १०० = १.६ तास, म्हणजे १ तास ३६ मिनिटे.

अहवालात 'सरासरी प्रतीक्षा १ तास ३६ मिनिटे' असे छापून येईल. वाचणारा खूश होईल. पण १ तास ३६ मिनिटे थांबलेला एकही रुग्ण तेथे नव्हता! आणि तेरा तास बाकावर बसलेले ते पाच जण कोण? ते सगळे एकटे आलेले वृद्ध असतील, तर हे सरासरीत कोठेच दिसत नाही. त्या पाच जणांना कोणीतरी जाऊन विचारावे लागते.

मग रुग्णांनाच एक प्रश्नपत्रिका द्यावी! येथेही एक खोच आहे. खाटेवर पडलेल्या माणसाला त्याच रुग्णालयातील कर्मचाऱ्याने विचारले, "आजोबा, सेवा कशी आहे?" तर आजोबा काय सांगणार? रात्री त्यांना याच माणसाची गरज पडणार आहे. शिवाय जीव वाचवल्याची कृतज्ञता असते, 'आपल्याला काय कळते' असा संकोचही असतो. त्यामुळे उत्तर बहुधा 'छान' असेच येते. विचारणारा कोण आहे यावर उत्तर बदलते. मोजणाऱ्या उपकरणाने मोजायच्या वस्तूवरच परिणाम केला, तर मोजमाप चुकते, हे तुम्ही प्रयोगशाळेत शिकला आहातच. गार तापमापक चमचाभर गरम पाण्यात बुडवला, तर पाणीच थोडे गार होते, तसेच हे.

म्हणून विचारणारा बाहेरचा हवा. त्याच्या हाती रुग्णाचे औषधपाणी नसावे आणि त्याची नोकरी रुग्णालयाच्या हाती नसावी.

दोन कामे, दोन मंडळे

हा विचार ब्रिटनच्या कायद्यात कसा आला ते पाहू. १९६७ मध्ये वेल्समधील कार्डिफ शहरातील ईली रुग्णालयाविषयी एका वृत्तपत्रात गंभीर आरोप प्रसिद्ध झाले. बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे येथे वर्षानुवर्षे राहत. त्यांना क्रूरपणे वागवले जाते, त्यांच्या वाटचे अन्न पळवले जाते, अशी ती माहिती होती आणि ती तेथेच काम करणाऱ्या एका साहाय्यकाने दिली होती. पुढे अर्थमंत्री झालेले जेफ्री हाऊ यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. १९६९ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला आणि आरोपांपैकी बरेच खरे ठरले. तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्यांनाच त्रास दिला गेल्याचेही उघड झाले.

देखरेखीसाठी कोणी नव्हते असे नव्हे. रुग्णालये चालवण्यासाठी स्थानिक नागरिकांच्या व्यवस्थापन समित्या होत्या. पण याच समितीने रुग्णालय चालवायचे, खर्चाचा मेळ घालायचा आणि याच समितीने रुग्णांची बाजूही मांडायची, अशी ही रचना होती. एकाच विद्यार्थ्याने पेपर लिहावा आणि त्यानेच तो तपासावा, तसा हा प्रकार. तपासणारा कितीही प्रामाणिक असला तरी स्वतःच्या चुका त्याच्या नजरेतून निसटणारच.

१९७४ मध्ये आरोग्य सेवेची फेररचना झाली तेव्हा ही दोन कामे वेगळी केली गेली. रुग्णालये चालवण्याचे काम आरोग्य मंडळांकडे राहिले. रुग्णांची आणि परिसरातील लोकांची बाजू मांडण्यासाठी प्रत्येक आरोग्य जिल्ह्यात 'कम्युनिटी हेल्थ कौन्सिल', म्हणजे सामुदायिक आरोग्य परिषद, स्थापन झाली. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा दोनशेहून अधिक परिषदा होत्या.

परिषदेवर कोण असे? निम्मे सदस्य स्थानिक नगरपालिका आणि कौंटी यांनी नेमलेले; एक तृतीयांश स्वयंसेवी संस्थांनी निवडलेले, म्हणजे वृद्धांसाठी, अपंगांसाठी, लहान मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे लोक; आणि उरलेले एक षष्ठांश प्रादेशिक आरोग्य मंडळाने नेमलेले. बेरीज करून पाहा, बरोबर एक येते. सदस्यांना पगार नसे. पगारी माणसे म्हणजे एक सचिव आणि एखादा मदतनीस. काही परिषदांनी आपली कचेरी बाजारपेठेत, दुकानाच्या गाळ्यात थाटली होती. भाजी घ्यायला आलेल्या बाईने सहज आत डोकावून आपली अडचण सांगावी हा हेतू.

अधिकार आणि उणिवा

या छोट्याशा परिषदेला कायद्याने काही अधिकार दिले होते. रुग्णालयात जाऊन पाहणी करण्याचा अधिकार होता. आरोग्य मंडळाकडून माहिती मागण्याचा अधिकार होता. परिषदेच्या सभा जनतेला खुल्या असत. दरवर्षी परिषद अहवाल काढी आणि आरोग्य मंडळाला तिच्याशी सभा घेऊन बोलावे लागे. ज्याला तक्रार करायची पण कशी ते कळत नाही, त्याला सचिव पत्र लिहायला मदत करी आणि तक्रारीच्या वाटेवर त्याच्या सोबत राही.

सर्वांत मोठा अधिकार रुग्णालय बंद करण्याच्या बाबतीत होता. एखादे रुग्णालय बंद करायचे किंवा त्यात मोठा बदल करायचा तर परिषदेचे मत घ्यावे लागे. परिषदेने हरकत घेतली तर निर्णय थेट मंत्र्यांपर्यंत जाई. पण येथे एक अट होती, आणि ती मोठी शहाणपणाची होती. नुसते 'आम्हाला मान्य नाही' म्हणून चालत नसे. तेवढ्याच पैशांत दुसरे काय करता येईल, याचा पर्याय परिषदेला मांडावा लागे. म्हणजे लोकांनाही हिशेब शिकावा लागे.

उणिवाही होत्या. परिषदेचा पैसा आरोग्य खात्याच्याच प्रादेशिक मंडळाकडून येई. घराजवळच्या कौटुंबिक डॉक्टरांच्या दवाखान्यांची पाहणी करण्याचा अधिकार तिला नव्हता. वृद्धाश्रम, अपंगांची घरगुती देखभाल अशा कामांना तिकडे 'सामाजिक काळजी' म्हणतात. ती नगरपालिका आणि कौंटी यांच्याकडे असल्याने परिषदेच्या कक्षेबाहेर राहिली. काही परिषदा जागरूक होत्या, तर काही नुसत्या सभा भरवणाऱ्या. सारख्या कायद्याखाली इतका फरक का? कारण माणसे वेगळी आणि त्यांना मिळणारे प्रशिक्षणही तुटपुंजे होते.

या उणिवा दुरुस्त करता आल्या असत्या. पण २००० साली सरकारने परिषदाच रद्द करण्याचे जाहीर केले आणि २००३ च्या अखेरीस त्या इंग्लंडमध्ये बंद झाल्या. वेल्सने मात्र आपल्या परिषदा चालू ठेवल्या. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन प्रदेशांत दोन वेगळ्या वाटा पडल्या.

स्टॅफर्ड

इंग्लंडच्या मध्यभागी स्टॅफर्ड नावाचे गाव आहे. जुन्या परिषदेच्या जागी तेथे 'रुग्ण मंच' आला. असे मंच इंग्लंडभर प्रत्येक रुग्णालय-संस्थेसाठी एक याप्रमाणे काढले होते. २००८ मध्ये तेही मोडून 'स्थानिक सहभाग जाळे' नावाची नवीन रचना आणली गेली. पाच वर्षांत तीन रचना झाल्या! लोकांना एका कचेरीचा पत्ता पाठ होईतो ती बंद झालेली असे.

याच काळात स्टॅफर्डच्या रुग्णालयात काय चालले होते? संस्थेला अधिक स्वायत्त दर्जा हवा होता, त्यासाठी जमाखर्च चोख दिसायला हवा होता. २००६-०७ मध्ये १ कोटी पौंड वाचवण्याचे ठरले आणि दीडशेहून अधिक जागा कमी करण्याची योजना झाली. परिचारिका कमी पडू लागल्या. अपघात विभागात आलेल्या रुग्णाची पहिली पारख कधी कधी वैद्यकीय शिक्षण नसलेले स्वागतिका-कारकून करीत. चार तासांच्या आत रुग्णाचा निर्णय लागलाच पाहिजे असा नियम होता. म्हणून घड्याळ थांबावे यासाठी रुग्णाला दुसऱ्या कक्षात हलवले जाई. कागदावर नियम पाळला गेला. रुग्णाची स्थिती मात्र तशीच राहिली. वॉर्डांत पाण्याचे भांडे हात पोहोचणार नाही अशा जागी राही, जेवणाचे ताट समोर ठेवून कोणी भरवायला नसे, घाण झालेल्या अंथरुणात वृद्ध माणसे तासन्‌तास पडून राहत.

आकड्यांनी इशारा दिला नव्हता का? दिला होता. रुग्णांचे वय, आजार वगैरे लक्षात घेऊन 'येथे साधारण इतके मृत्यू अपेक्षित आहेत' असा अंदाज काढतात आणि प्रत्यक्ष मृत्यूंशी त्याची तुलना करतात. अपेक्षित संख्या १०० धरली तर २००५-०६ या वर्षी या संस्थेचा आकडा १२७ होता, म्हणजे अपेक्षेपेक्षा २७ टक्के जास्त. २००७ मध्ये तो प्रसिद्धही झाला. पण संस्थेने म्हटले की ही नोंदी करण्यातली चूक असावी. असे म्हणता येते, कारण आकडा 'काहीतरी वेगळे आहे' एवढेच सांगतो. काय वेगळे आहे ते सांगत नाही.

ते वॉर्डात बसलेल्या नातेवाइकांना माहीत होते. जुली बेली या बाई गावात एक उपाहारगृह चालवीत. २००७ मध्ये त्यांच्या आईचे या रुग्णालयात निधन झाले. आईजवळ बसून त्यांनी जे पाहिले ते त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी आपल्यासारख्या इतरांना बोलावले आणि उपाहारगृहात जमणाऱ्या या कुटुंबांतून 'क्युअर द एनएचएस' हा गट उभा राहिला. मार्च २००९ मध्ये तपासणी आयोगाचा अहवाल आला. पुढे रॉबर्ट फ्रान्सिस या वकिलांनी दोन चौकशा केल्या. दुसरीचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २९० शिफारशी होत्या.

येथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. त्या वेळी 'स्टॅफर्डमध्ये इतकेशे लोक विनाकारण मेले' असे आकडे वृत्तपत्रांत झळकले. फ्रान्सिस यांनी मात्र बजावले की अशा सांख्यिकीवरून टाळता आले असते अशा मृत्यूंची नेमकी संख्या काढणे सुरक्षित नाही. अन्याय मोठा असला तरी आकडा फुगवून तो सिद्ध होत नाही.

आणि रुग्णांचा आवाज मांडणाऱ्या मंडळांचे काय? अहवालाचा निष्कर्ष स्पष्ट होता. रुग्ण मंच अंतर्गत भांडणांत आणि नियमावलीच्या वादांत अडकून पडला. त्याच्यानंतरचे जाळे तर त्याहूनही निष्प्रभ ठरले. जुन्या परिषदा सर्वत्र सारख्या चांगल्या नव्हत्या, हे मान्य करूनही त्यांच्या जागी जे आले त्याने लोकांचा आवाज वाढला नाही, उलट क्षीणच झाला, असे फ्रान्सिस यांनी नमूद केले. ज्या काळात स्टॅफर्डला कान हवे होते, त्याच काळात ते कान पुन्हा पुन्हा कापून नवे लावण्याचे काम चालू होते.

स्वतंत्र कशाला म्हणावे?

आतापर्यंतच्या हकीकतीवरून आपण काही कसोट्या काढू शकतो. रुग्णांची बाजू मांडणाऱ्या कोणत्याही मंडळाला त्या लावून पाहा.

१. पैसा कोठून येतो? ज्याच्यावर टीका करायची त्याच्याकडूनच येत असेल, तर तो टीकेनंतर बंद होणार नाही अशी तरतूद आहे का?

२. सदस्य कोण नेमतो आणि कोण काढतो?

३. आत जाण्याचा हक्क आहे का? आमंत्रण मिळाल्यावर जाणे आणि हक्काने जाणे यांत फार फरक आहे. पाहुणे येणार म्हटले की घर आवरले जातेच.

४. उत्तर मिळण्याचे बंधन आहे का? मंडळाने विचारलेल्या प्रश्नाला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावेच लागते का?

५. लोकांना ते सापडते का? दहा-वीस वर्षे एकाच नावाने, एकाच ठिकाणी राहिलेले मंडळच लोकांच्या तोंडी बसते.

या कसोट्या पुढच्या रचनेला लावू. २०१३ पासून इंग्लंडमध्ये 'हेल्थवॉच' ही मंडळे काम करू लागली. औषधोपचार आणि सामाजिक काळजी ही दोन्ही क्षेत्रे त्यांच्या कक्षेत होती आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या वृद्धाश्रमातही जाऊन पाहण्याचा हक्क त्यांना मिळाला. तिसऱ्या कसोटीत ती जुन्या परिषदांच्या पुढे गेली. पण पैसा नगरपालिका आणि कौंटी यांच्या हातून येई, आणि सामाजिक काळजीची जबाबदारीही त्यांच्याचकडे! पहिली कसोटी येथे अडते. जुलै २०२५ मध्ये सरकारने हेल्थवॉच बंद करून तिचे काम सरकारी खाते आणि स्थानिक यंत्रणा यांच्याकडे देण्याचा मानस जाहीर केला. त्यासाठी कायदा बदलावा लागणार होता. काम चालवणाऱ्यानेच लोकांचे ऐकावे, वेगळे मंडळ कशाला, असा यामागचा विचार आहे. १९७४ पूर्वीची व्यवस्थापन समिती तुम्हाला आठवली का? वेल्समध्ये १ एप्रिल २०२३ रोजी परिषदांच्या जागी एकच राष्ट्रीय मंडळ आले. त्याचे नाव 'ल्लाइस'. वेल्श भाषेत त्याचा अर्थ 'आवाज'. आरोग्य आणि सामाजिक काळजी या दोन्हींसाठी ते बोलते. दोन वाटांपैकी कोणती बरी, हे आता पुढील काही वर्षांच्या नोंदींवरून ठरेल.

आपल्या राज्यात

हा विचार आपल्याला परका नाही. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली महाराष्ट्रात 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली. पहिले पाच जिल्हे होते अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव. पुण्याच्या 'साथी' या संस्थेने राज्यातील कामाचा मेळ घातला. गावातील समितीचे लोक एकत्र बसून विचारीत: नर्सताई गावात येते का? औषधे मिळतात, की बाहेरून आणायला चिठ्ठी मिळते? बाळंतपणासाठी पैसे मागितले गेले का? उत्तरांवरून तक्ता रंगवला जाई. चांगल्याला हिरवा, मध्यमला पिवळा, वाईटाला लाल. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राची प्रकृती एका नजरेत कळावी! मग जनसुनवाई होई. लोक उभे राहून आपला अनुभव सांगत आणि अधिकाऱ्यांना सर्वांसमोर उत्तर द्यावे लागे.

रुग्णालयाचा तापाचा तक्ता म्हणतात तो हाच. फक्त येथे नोंद करणारा हात रोग्याच्या बाजूचा आहे.

करून पाहा

शाळेतील पिण्याच्या पाण्याची सोय कशी आहे, हे तीन पद्धतींनी मोजा. शिक्षकांनी मार्गदर्शन करावे, पण नोंदी विद्यार्थ्यांनीच ठेवाव्यात.

(अ) वर्गशिक्षकांनी भर वर्गात विचारावे: "पाण्याची सोय चांगली आहे असे किती जणांना वाटते?" वर आलेले हात मोजा.

(आ) हजेरीपटावरील क्रमांकांच्या चिठ्ठ्या टाकून तीस विद्यार्थी निवडा. दुसऱ्या वर्गातील मुलांनी त्यांना कोऱ्या चिठ्ठ्या द्याव्यात. नाव न घालता उत्तर लिहून त्या पेटीत टाकायच्या. 'सोय चांगली आहे का?' याबरोबर 'तुम्ही शेवटचे पाणी न पिता कधी परतलात?' हेही विचारा.

(इ) सहा दिवस मधल्या सुट्टीत घंटेनंतर बरोबर ०, ५ आणि १० मिनिटांनी किती नळ चालू आहेत आणि रांगेत किती जण आहेत हे मोजा. वेळ चुकवू नका. रॉबर्टसन यांचे घड्याळ आठवा.

तिन्ही निकाल शेजारी मांडा. ते जुळतात का? जुळत नसतील तर का? लहान वर्गांतील मुले, मुली, अपंग विद्यार्थी यांची उत्तरे वेगळी काढून पाहा. सरासरीच्या आड कोणी लपले आहे का ते शोधा. पाहणीत कोणाचे नाव येऊ देऊ नका आणि आकडा फुगवू नका. सुधारणा सुचवताना खर्चाचा अंदाजही द्या.

शेवटी एक पानाचा अहवाल लिहून मुख्याध्यापकांना द्या आणि पंधरा दिवसांत उत्तर मिळावे अशी विनंती करा. उत्तर आले की नाही, आणि आले तर कधी, हेही वहीत तारीख घालून लिहून ठेवा. प्रयोगातील ही शेवटची नोंद आहे. ती केल्याशिवाय प्रयोग पुरा झाला असे समजू नका.